रिव्हॉल्व्हरची साइट-जुळणी

रिव्हॉल्व्हरची साइट-जुळणी म्हणजे नेमबाजाची नजर ज्या बिंदूवर स्थिरावली आहे त्याच बिंदूवर, किंवा त्याच्यापासून ठरवून ठेवलेल्या अंतरावर, गोळी लागावी यासाठी नळीवरील माशी आणि मागील खाच यांची परस्परांशी असलेली उंची व दिशा निश्चित करण्याची क्रिया होय. माशीला नेमबाजांच्या बोलीत फ्रंट साइट व खाचेला रिअर साइट म्हणतात.

पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण गोळीला खाली ओढते. त्यामुळे नळी नेमाच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असावी, असे प्रथमदर्शनी वाटते. रायफलीच्या बाबतीत सामान्यतः तसेच असते. बहुतेक रिव्हॉल्व्हरांची नळी मात्र नेम धरलेल्या क्षणी लक्ष्याच्या खाली रोखलेली असते आणि तरीही गोळी लक्ष्यावर लागते. गोळी नळीतून पुढे सरकत असतानाच प्रतिक्षेपामुळे, म्हणजे मागे बसणाऱ्या धक्क्यामुळे, नळीचे तोंड वर उचलले जाते, हे त्याचे कारण आहे. हे उचलणे किती होईल ते गोळीचे वजन, नळीची लांबी, शस्त्राचे वजन व त्याची वाटणी, मुठीची पकड अशा अनेक गोष्टींवर ठरते. म्हणून कोणतीही साइट-जुळणी विशिष्ट काडतूस, विशिष्ट नळी, विशिष्ट हात आणि विशिष्ट अंतर यांच्यापुरतीच खरी असते. यांपैकी एक जरी घटक बदलला, तरी जुळणी पुन्हा तपासावी लागते.

## मूलभूत संज्ञा

नळीचा अक्ष : नळीच्या पोकळीच्या मध्यातून जाणारी काल्पनिक सरळ रेषा. गोळी बाहेर पडताना साधारणपणे या रेषेच्या त्या क्षणीच्या दिशेने जाते.

लक्ष्यरेषा : डोळा, खाच, माशीचा माथा आणि नेमाचा बिंदू यांना जोडणारी रेषा. रिव्हॉल्व्हरमध्ये ही रेषा नळीच्या अक्षापेक्षा साधारण दोन सेंटिमीटर वर असते.

साइट-अंतर : माशी आणि खाच यांच्यामधील अंतर. नळी जितकी लांब, तितके हे अंतर सामान्यतः अधिक असते.

नळीची लांबी : रिव्हॉल्व्हरमध्ये नळीची लांबी सिलिंडरच्या पुढच्या बाजूपासून तोंडापर्यंत मोजली जाते. काडतूस सिलिंडरच्या कोठीत असल्याने कोठीची लांबी त्यात धरली जात नाही. पिस्तुलात कोठी नळीचाच भाग असल्यामुळे ती मोजमापात येते. म्हणून १०० मि.मी. नळीचे रिव्हॉल्व्हर आणि १०० मि.मी. नळीचे पिस्तूल यांत गोळीने प्रत्यक्ष कापलेले अंतर सारखे नसते.

प्रतिक्षेप : गोळी व दारूचे वायू पुढे फेकले जात असताना शस्त्राला मागच्या दिशेने मिळणारी गती. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे आणि संवेगाच्या अक्षय्यतेचे हे नेहमीच्या व्यवहारातील उदाहरण आहे.

## प्रतिक्षेपामुळे तोंड वर का उचलते

रिव्हॉल्व्हरची मूठ नळीच्या बरीच खाली असते आणि शस्त्राचा गुरुत्वमध्यही नळीच्या अक्षाखाली असतो. नेहमीच्या रचनेत गोळी सिलिंडरच्या सर्वांत वरच्या कोठीतून सुटते. त्यामुळे मागे ढकलणारे बल हाताच्या बरेच वरून लागते. खालून धरलेल्या वस्तूला वरच्या बाजूस मागे ढकलले, की ती सरळ मागे न जाता मागे कलते. त्याप्रमाणे रिव्हॉल्व्हर मनगटाभोवती वळते आणि नळीचे तोंड वर येते.

डोळ्यांना दिसणारी उसळी आणि गोळीच्या मार्गावर परिणाम करणारी हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळी बाहेर पडल्यानंतर शस्त्र कितीही उसळले, तरी गोळीची दिशा बदलत नाही. दिशा ठरते ती गोळी नळीत असतानाच्या अत्यल्प काळात. हा काळ साधारणपणे एक सहस्रांश सेकंदाच्या आसपास असतो. ९०० ग्रॅम वजनाच्या रिव्हॉल्व्हरमधून १०.२ ग्रॅम वजनाची गोळी १०० मि.मी. अंतर कापून बाहेर पडली, तर हाताचा विरोध व दारूचे वजन सोडून दिल्यास तेवढ्या वेळात शस्त्र मागे सरकते ते केवळ १.१ मि.मी. इतकेच. नेमबाजाला जाणवणारा धक्का आणि हात वर फेकला जाणे यांचा फार मोठा भाग त्यानंतरचा असतो.

ही हालचाल लहान असली, तरी तिचा परिणाम लहान नसतो. नळी अवघी पाव अंश वर वळली, तर २५ मीटर अंतरावर गोळी सुमारे १०.९ सेंमी. वर लागते.

## माशीची अधिक उंची

नळीचे तोंड गोळी सुटण्याआधी वर येणार हे गृहीत धरून कारागीर माशीचा माथा नळीच्या अक्षापासून खाचेपेक्षा अधिक उंच ठेवतात. माशी उंच असल्यामुळे ती खाचेच्या पातळीत आणण्यासाठी नळीचे तोंड खाली घ्यावे लागते. साइट-अंतर १५० मि.मी. असेल आणि माशी खाचेपेक्षा १ मि.मी. उंच असेल, तर २५ मीटरवर नळीच्या अक्षाची रेषा लक्ष्यरेषेच्या तुलनेत १६.७ सेंमी. खाली वळते. प्रतिक्षेप नळीला जितके वर आणतो त्यातून गुरुत्वाकर्षणाने होणारी घट वजा जाता उरणारा फरक या खालच्या रोखाने भरून निघतो.

रिकामे रिव्हॉल्व्हर पक्के बसवून नळीतून पाहिले किंवा नळीच्या तोंडात लेसर बसवून प्रकाशबिंदू पाहिला, तर तो नेमाच्या बिंदूखाली पडतो, तो यामुळेच. हा दोष नव्हे. उलट, त्या लेसरबिंदूवर साइट आणून ठेवल्यास गोळ्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच वर लागतील. रायफलीसाठी उपयोगी पडणारी ही पद्धत रिव्हॉल्व्हरच्या उंचीच्या जुळणीसाठी म्हणून अपुरी ठरते. प्रत्यक्ष गोळीबार करूनच जुळणी निश्चित करावी लागते.

## गोळीचे वजन आणि वेग

नेमबाजांमध्ये सर्वत्र आढळणारा अनुभव असा की, एकाच रिव्हॉल्व्हरमधून जड गोळी वर लागते आणि हलकी गोळी खाली. जड गोळी अधिक संथ असूनही ती वर लागते, याचे नवशिक्यांना आश्चर्य वाटते.

याचे रूढ स्पष्टीकरण वेळेचे आहे. संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, म्हणून तोंडाला वर येण्यास अधिक अवधी मिळतो, असे सांगितले जाते. हे स्पष्टीकरण समजण्यास सोपे आहे, परंतु ते अपुरे आहे. हाताचा विरोध आणि दारूचे वजन बाजूस ठेवून शस्त्र मोकळे आहे असे मानल्यास, गोळी बाहेर पडेपर्यंत शस्त्र किती अंशांनी वळेल ते पुढील संबंधाने मिळते :

वळणाचा कोन = (गोळीचे वस्तुमान × गोळीने कापलेले अंतर × गुरुत्वमध्यापासून अक्षाची उंची) ÷ शस्त्राचे निरूढी परिबल

निरूढी परिबल म्हणजे वस्तूने फिरण्याला केलेला विरोध. या सूत्रात गोळीचा वेग येतच नाही. वेगवान गोळी शस्त्राला अधिक वेगाने फिरवते. पण तिला बाहेर पडण्यास त्याच प्रमाणात कमी वेळ लागतो. दोन्ही परिणाम एकमेकांना छेद देतात. उरतो तो गोळीच्या वस्तुमानाचा आणि नळीतील अंतराचा प्रभाव. जड गोळी वर लागण्याचे मुख्य कारण तिच्या संथपणापेक्षा तिच्या जडपणात अधिक आहे, असा याचा अर्थ होतो.

प्रत्यक्षात चित्र इतके स्वच्छ नसते. दारूचे वायूही गोळीमागोमाग पुढे जातात आणि प्रतिक्षेपात भर घालतात. अधिक वेगाच्या काडतुसात दारू सहसा अधिक असते. वर उचलल्या जाणाऱ्या नळीची उभी गतीही गोळीबरोबर थोडीशी जाते. शिवाय हात म्हणजे मोकळी हवा नव्हे; त्याचा दाब, स्नायूंचा ताण आणि मुठीचा आकार यांमुळे वरील कोन बदलतो. म्हणून सूत्र दिशा दाखवते, अंतिम आकडा देत नाही.

गुरुत्वाकर्षणाचा परिणाम मात्र वेगावरच अवलंबून असतो. हवेचा विरोध सोडून दिल्यास २५ मीटर अंतरात गोळी पुढीलप्रमाणे खाली येते :

| काडतूस | गोळीचे वजन | तोंडाशी वेग | २५ मीटरवरील घट |
|---|---|---|---|
| .३८ स्पेशल | १५८ ग्रेन (१०.२ ग्रॅम) | २३० मी./से. | ५.८ सेंमी. |
| .३५७ मॅग्नम | १५८ ग्रेन (१०.२ ग्रॅम) | ३७६ मी./से. | २.२ सेंमी. |
| .३५७ मॅग्नम | १२५ ग्रेन (८.१ ग्रॅम) | ४४२ मी./से. | १.६ सेंमी. |

या तीनही प्रकारची काडतुसे .३५७ मॅग्नमच्या एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये वापरता येतात. १२५ ग्रेनची गोळी १५८ ग्रेनच्या गोळीपेक्षा सुमारे २१ टक्के हलकी आहे. त्यामुळे वरील सूत्रानुसार तिच्या वेळी तोंडाचे उचलणेही तितकेच कमी. तिची घट थोडी कमी असल्याने हा फरक अंशतः भरून निघतो, पूर्णपणे नाही. एका काडतुसासाठी बसवलेली साइट दुसऱ्यासाठी आपोआप बरोबर राहत नाही, हे यातून स्पष्ट होते.

या गोष्टीला व्यावहारिक महत्त्व आहे. अमेरिकेतील अनेक पोलीस दलांत एकेकाळी सरावासाठी सौम्य .३८ स्पेशल आणि कामावर मात्र जोरकस .३५७ मॅग्नम काडतुसे देण्याची प्रथा होती. अशा व्यवस्थेत शिपाई ज्या धक्क्याला आणि ज्या नेमाला सरावलेला असतो, तो प्रसंगी हाती असलेल्या काडतुसाचा नसतो. ब्रिटिश सैन्याच्या .३८ रिव्हॉल्व्हरसाठी आरंभी २०० ग्रेनची शिशाची गोळी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर तिच्या जागी धातूचे आवरण असलेली १७८ ग्रेनची गोळी आली. गोळीच्या वजनात अशी सुमारे एक नवमांश घट झाली, की स्थिर साइटच्या शस्त्रांचा नेम पुन्हा पडताळून पाहणे क्रमप्राप्त ठरते.

## नळीच्या लांबीचे परिणाम

नळी लांब केली की एकाच वेळी अनेक गोष्टी बदलतात, आणि त्यांतील काही परस्परविरुद्ध दिशेने काम करतात.

१. गोळीचा नळीतील प्रवास वाढतो. त्यामुळे शस्त्राला वळण्यास अधिक वाव मिळतो. एवढाच बदल झाला असता, तर गोळी वर लागली असती.

२. पुढच्या बाजूचे वजन वाढते. गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि मुठीपासून दूर असलेल्या वजनामुळे निरूढी परिबल लक्षणीय वाढते. शस्त्र फिरण्यास अधिक विरोध करते. या बदलाने गोळी खाली येते.

३. वेग वाढतो. वायूंना गोळी ढकलण्यास अधिक अंतर मिळते. संथ जळणारी दारू भरलेल्या मॅग्नम काडतुसांना याचा लाभ अधिक होतो. वेग वाढल्याने गुरुत्वाकर्षणाची घट कमी होते. सिलिंडर आणि नळी यांच्यातील फटीतून काही वायू निसटत असल्याने रिव्हॉल्व्हरचा वेग त्याच लांबीच्या अखंड नळीपेक्षा थोडा कमी राहतो.

४. साइट-अंतर वाढते. याचा गोळीच्या मार्गावर परिणाम होत नाही; नेमाच्या अचूकतेवर मात्र मोठा परिणाम होतो.

पहिल्या तीन परिणामांची बेरीज कोणत्या बाजूला झुकेल हे शस्त्राच्या घडणीवर ठरते. “लांब नळी म्हणजे गोळी वर” किंवा “लांब नळी म्हणजे गोळी खाली” असा सरसकट नियम म्हणूनच करता येत नाही.

याचे बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतील डॅन वेसन रिव्हॉल्व्हर. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने कार्ल लुइस यांच्या रचनेनुसार अशी रिव्हॉल्व्हरे बनवली की, मालकाला साध्या साधनांनी नळी काढून दुसऱ्या लांबीची नळी बसवता येई. मूठ, चाप, सिलिंडर आणि काडतूस तेच असूनही नळी बदलली की साइट नव्याने जुळवावी लागे. त्यामुळे या रिव्हॉल्व्हरांना सरकवता येणारी खाच व बदलता येणारी माशी असणे ही चैन नसून गरज होती.

### साइट-अंतर आणि चुकीचे प्रमाण

माशी खाचेत ठेवताना हाताने केलेली चूक साइट-अंतराच्या व्यस्त प्रमाणात लक्ष्यावर दिसते. माशी ०.१ मि.मी. ने बाजूला राहिली, तर २५ मीटरवर होणारी चूक अशी :

| साइट-अंतर | लक्ष्यावरील चूक |
|---|---|
| ९० मि.मी. | २७.८ मि.मी. |
| १५० मि.मी. | १६.७ मि.मी. |
| २२० मि.मी. | ११.४ मि.मी. |

आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर मुळात कमी अचूक असते, हा समज बऱ्याच अंशी गैरसमज आहे. पक्क्या आधारावर बांधून झाडल्यास आखूड नळीही गोळ्या जवळजवळ टाकू शकते. हातातून झाडताना मात्र नेम धरण्यातील त्याच चुकीची किंमत ती अधिक वसूल करते. याच कारणास्तव आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात साइट-अंतर २२० मि.मी. पेक्षा आणि नळी १५३ मि.मी. पेक्षा अधिक नसावी, असे बंधन घातले आहे. या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मि.मी. व्यासाची शस्त्रे चालतात व रिव्हॉल्व्हरही वापरता येते.

## स्थिर आणि सरकत्या साइट

स्थिर साइट. १८७३ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी या रिव्हॉल्व्हरची खाच म्हणजे चौकटीच्या वरच्या पट्टीत कोरलेली चर, आणि माशी म्हणजे नळीवर बसवलेले पाते. सैन्याच्या मूळ शस्त्राची नळी साडेसात इंचांची (१९० मि.मी.) होती, पुढे साडेपाच व पावणेपाच इंचांच्या नळ्याही रूढ झाल्या. अशा शस्त्रात खाच हलवता येत नाही. जुळणी करायची तर माशी कानशीने घासून कमी करावी लागते, आणि आडवी चूक सुधारण्यासाठी कारागीर नळी तिच्या आट्यांत किंचित फिरवतात. माशी घासता येते, पण घासलेली परत वाढवता येत नाही. म्हणून उत्पादक माशी मुद्दाम थोडी उंच ठेवतात आणि कारागीरही थोडे घासून, गोळ्या झाडून, पुन्हा थोडे घासून पुढे जातात.

स्थिर साइट धक्क्याने सरकत नाही आणि कपड्यात अडकत नाही. कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशल (१९२७) किंवा स्मिथ अँड वेसन चीफ्स स्पेशल (१९५०) अशा दोन इंची नळीच्या, अंगावर बाळगायच्या रिव्हॉल्व्हरांत तिला पसंती मिळाली. तिची मर्यादा अशी की, ती एखाद्या प्रचलित काडतुसाला धरून ठरवलेली असते. १५८ ग्रेनच्या गोळीसाठी घडवलेल्या अशा रिव्हॉल्व्हरमध्ये ११० ग्रेनची गोळी सामान्यतः खाली लागते.

सरकती साइट. खाच स्क्रूने वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवता येते. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम काडतुसाचे पहिले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा साडेतीन ते पावणेनऊ इंचांपर्यंतच्या नळ्या गिऱ्हाइकाला निवडता येत. लांबीचा इतका मोठा पल्ला आणि सौम्य .३८ पासून जोरकस .३५७ पर्यंतची काडतुसे एकाच शस्त्रात सामावायची, तर सरकत्या साइटशिवाय गत्यंतर नव्हते.

लांब पल्ल्याच्या साइट. धातूच्या प्राण्यांच्या आकृत्या पाडण्याच्या सिल्हूट स्पर्धेत ५०, १००, १५० आणि २०० मीटर अशी चार अंतरे असतात. येथे प्रतिक्षेपापेक्षा गुरुत्वाकर्षणाची घट भारी पडते आणि प्रत्येक अंतराला वेगळी उंची लागते. अशा रिव्हॉल्व्हरांना दहा इंचांच्या आसपासची नळी आणि काही वेळा चार उंचींवर बसवता येणारी माशी दिलेली असते.

## जुळणीची पद्धत

जुळणीचे दोन नियम आहेत. खाच ज्या दिशेला सरकवावी, त्याच दिशेला गोळी सरकते. माशी ज्या दिशेला सरकवावी, त्याच्या विरुद्ध दिशेला गोळी सरकते. म्हणून गोळ्या खाली लागत असतील, तर खाच वर घ्यावी किंवा माशी कमी करावी.

किती बदल करायचा हे समरूप त्रिकोणांवरून काढता येते :

साइटमधील बदल = (लक्ष्यावरील अपेक्षित सरक × साइट-अंतर) ÷ लक्ष्याचे अंतर

समजा, २५ मीटरवर गोळ्या ६० मि.मी. खाली लागत आहेत आणि साइट-अंतर १५० मि.मी. आहे. बदल = ६० × १५० ÷ २५,००० = ०.३६ मि.मी. साइट-अंतर ९० मि.मी. असते, तर हाच बदल ०.२२ मि.मी. झाला असता. आखूड नळीच्या माशीवर कानशीचा एकेक हात किती जपून चालवावा लागतो, हे या आकड्यांवरून कळते.

जुळणी करताना सामान्यतः पुढील क्रम पाळला जातो :

* जे काडतूस पुढे वापरायचे आहे, त्याच प्रकारचे काडतूस घेतले जाते.
* एका गोळीवरून निष्कर्ष काढला जात नाही. किमान पाच गोळ्यांचा पुंजका घेऊन त्याचा मध्य पाहिला जातो. पुंजका विखुरलेला असेल, तर दोष साइटचा नसून पकडीचा किंवा चाप ओढण्याचा असण्याची शक्यता अधिक असते.
* मऊ पिशवीचा आधार मनगटांना किंवा हातांना दिला जातो, नळीला नाही. नळी कठीण वस्तूवर टेकवल्यास ती प्रतिक्षेपात त्या वस्तूवरून उसळते आणि गोळीची जागा बदलते.
* शेवटची तपासणी नेहमीच्या उभ्या पवित्र्यात व नेहमीच्या पकडीने केली जाते. आधारावरची जुळणी आणि हातातील जुळणी यांत फरक पडू शकतो.

नेमाची पद्धतही आधी ठरवावी लागते. स्पर्धेतील नेमबाज पुष्कळदा काळ्या वर्तुळाच्या तळाशी माशी टेकवतात. घड्याळातील सहाच्या आकड्याची जागा म्हणून तिला ‘सिक्स ओ’क्लॉक’ नेम म्हणतात. अशा वेळी गोळी नेमाच्या बिंदूपेक्षा वर्तुळाच्या त्रिज्येइतकी वर लागणे हीच बरोबर जुळणी ठरते.

## पकड आणि आडवी चूक

एकाच रिव्हॉल्व्हरमधून, त्याच काडतुसाने, दोन नेमबाजांच्या गोळ्या वेगळ्या ठिकाणी लागू शकतात. मूठ वर धरली की हात नळीच्या अक्षाच्या जवळ येतो आणि उचलणे कमी होते; खाली धरली की वाढते. घट्ट व सैल पकडीचाही असाच परिणाम होतो. दुसऱ्याने जुळवून दिलेले रिव्हॉल्व्हर आपल्या हातात तंतोतंत बरोबर असेलच असे नाही.

नळीतील चक्राकार खोबणी गोळीला फिरवते आणि शस्त्राला उलट्या दिशेने पीळ देते. स्मिथ अँड वेसनच्या खोबणी उजव्या वळणाच्या, तर कोल्टच्या परंपरेने डाव्या वळणाच्या असतात. त्यामुळे पीळही परस्परविरुद्ध असतो. पुष्कळदा मात्र आडव्या चुकीचे मूळ चाप ओढणाऱ्या बोटात असते. साइटला हात लावण्यापूर्वी हे तपासणे आवश्यक असते, अन्यथा हाताची चूक साइटमध्ये कायमची बसवली जाते.

## रचनेतील वेगळे प्रयोग

नळीचा अक्ष हाताच्या जवळ आणला, तर तोंड कमी उचलेल, या विचारातून इटालियन रचनाकार एमिलिओ गिझोनी यांनी वरच्या कोठीऐवजी सर्वांत खालच्या कोठीतून गोळी झाडणारी रिव्हॉल्व्हरे कल्पिली. मातेबा आणि चिआप्पा ऱ्हायनो ही त्यांच्या रचनेची प्रसिद्ध उदाहरणे होत. यांत उसळी कमी होते. मात्र लक्ष्यरेषा नळीच्या अक्षापासून नेहमीपेक्षा अधिक उंच राहते आणि अगदी जवळच्या अंतरावर हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

काही नळ्यांच्या तोंडाशी वरच्या बाजूने छिद्रे पाडलेली असतात. वर सुटणारे वायू तोंडाला खाली दाबतात. गोळी छिद्रांच्या पुढे गेल्यावरच हा परिणाम सुरू होत असल्यामुळे पुढची गोळी लवकर झाडण्यास त्याची मदत होते. पहिल्या गोळीच्या जागेवर त्याचा प्रभाव मर्यादित असतो.

## भारतातील संदर्भ

भारतात परवानाधारक नागरिकांकडे आढळणारे प्रमुख देशी रिव्हॉल्व्हर म्हणजे आयुध निर्माणी, कानपूर येथे बनलेले .३२ रिव्हॉल्व्हर. त्याची रचना ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरवर आधारलेली असून साइट स्थिर आहेत. २०१४ मध्ये कानपूरच्याच कारखान्याने ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले. शस्त्र हलके झाले की काडतूस तेच राहूनही प्रतिक्षेप वाढतो, हे तत्त्व अशा शस्त्रांना विशेषत्वाने लागू पडते. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना हलक्या शस्त्रांच्या काडतुसांसाठी परिचित आहे. तेथील काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही रोमन आद्याक्षरे उमटवलेली आढळतात.

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम ६ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती व चाचणी करण्याच्या व्यवसायालाही परवाना लागतो. त्यामुळे माशी घासणे किंवा नळी फिरवणे अशी कामे परवानाधारक कारागिराकडून आणि चाचणीचा गोळीबार मान्यताप्राप्त मैदानावरच होणे अपेक्षित आहे.

## प्रचलित गैरसमज

* नळी खाली झुकलेली दिसली म्हणजे ती वाकलेली आहे. बहुतेक वेळा ती प्रतिक्षेपाचा हिशेब धरून मुद्दाम तशी बसवलेली असते.
* जोराचे काडतूस नेहमी वर लागते. धक्का मोठा असला, तरी गोळी हलकी असेल तर ती सामान्यतः खाली लागते.
* गोळी सुटल्यानंतरची उसळी नेम बिघडवते. गोळी तोपर्यंत नळीबाहेर पडलेली असते. उसळीच्या भीतीने चाप ओढण्याआधीच हात खाली दाबला जाणे हे मात्र गोळी खाली लागण्याचे खरे आणि नेहमीचे कारण आहे.
* कारखान्यातून आलेली साइट अंतिम असते. ती कारखान्याने गृहीत धरलेल्या काडतुसापुरती, अंतरापुरती आणि पकडीपुरती बरोबर असते.

## हेही पाहा

* रिव्हॉल्व्हर
* काडतूस
* न्यूटनचे गतीविषयक नियम
* संवेग
* नेमबाजी